तुझ्या गळ्यातली सवत

नवीआई, तुला शेवटची आंघोळ घालायच्या आधी तुझ्या गळ्यातला काळा दोरा मी कापला. बायका म्हणाल्या, लेकीनंच कापावा. मी कात्री लावली, दोरा तुटला आणि चांदीचा टाक माझ्या तळहातावर आला. तो गार लागेल असं वाटलं होतं. तो गारही नव्हता आणि ऊनही नव्हता. मी तो पदराच्या गाठीत बांधला आणि पाणी तापलं का ते बघायला गेले.

मला रडू आलं नाही. अजूनही आलेलं नाही. तुझ्या सुनेनं रडून रडून घसा बसवून घेतला. मी मात्र कोण आलं, कोण कुठं टेकलं, चहाला गूळ पुरतोय का, हेच बघत राहिले. माझा धाकटा भाऊ भानू तुझ्या अस्थी घेऊन एसटीनं गोदावरीवर गेला, कारण यंदाच्या दुष्काळात जवळच्या कुठल्याच नदीत हाडं बुडतील एवढं पाणी नव्हतं. तो गेला तेव्हा मी त्याला डब्यात भाकरी बांधून दिली, मिरची वेगळ्या पुडीत घातली. मिरची भाकरीला लागलेली त्याला चालत नाही. एवढं सगळं मला सुचत होतं. "सावत्र हुती न्हवं," असं मागं कुणीतरी कुजबुजलं. एरवी माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, तूच म्हणायचीस. त्या दिवशी तोही आला नाही.

माझ्याबरोबर काष्टीच्या शाळेत शिकवणाऱ्या एक बाई भेटायला आल्या होत्या. त्या शहरातल्या. माझ्या पदराची गाठ बघून त्यांनी विचारलं, हे काय? मी त्यांना वर्गात समजावून सांगावं तसं सांगितलं. आमच्याकडं पहिली बायको सवाष्णपणी वारली आणि नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, की सोनाराकडून त्या गेलेलीचा टाक करून घेतात. चांदीच्या पत्र्यावर उठवलेली एक बाई, नथ घातलेली, डोक्यावर पदर. तो टाक दुसरीच्या गळ्यात बांधतात. त्याला सवत म्हणतात. दुसरीनं जन्मभर आधी सवतीला हळदकुंकू लावायचं आणि मग स्वतःला. नवं लुगडं आधी सवतीला पांघरायचं, मग आपण नेसायचं. बाई म्हणाल्या, अगंबाई, केवढी शिक्षा. मी म्हणाले, हो. मग मी त्यांना आणखी थोडा चहा दिला.

शिक्षा होती का गं ती? मला कधी विचारायचं सुचलंच नाही. मी बघायला लागले तेव्हापासून ती तुझ्या गळ्यात होतीच.

माझी आई, रखमा, गेली तेव्हा मला नुकतं कुठं बोलता येत होतं. तिचं मला काही म्हणजे काही आठवत नाही. आवाज नाही, हात नाही, लुगड्याचा रंगसुद्धा नाही. फोटो काढायची तेव्हा कुणाला ऐपतही नव्हती आणि हौसही. वर्षाच्या आत दादांनी, माझ्या वडिलांनी, तुला आणलं. तू तरी केवढी होतीस? शेजारणीनं तुला दारात उभं केलं आणि मला सांगितलं, ही तुझी नवी आई. मी ते जोडूनच म्हणायला लागले. पुढं भानू झाला, तुझ्या पोटचा, तोही माझं ऐकून तुला नवीआईच म्हणायचा. दादा 'नवे' अशी हाक मारायचे. केस पिकले, पुढचे दात गेले, नातवंडं झाली, तरी तू आपली नवीच. तुला कधी त्याचं हसू यायचं, कधी चिडायचीस. "मी जुनी कवा व्हायची रं?" असं भानूला विचारायचीस.

तू रोज सकाळी चुलीपुढं बसून टाक बाहेर काढायचीस, ओल्या अंगठ्यानं पुसायचीस, कुंकू लावायचीस आणि तिच्याशी बोलायचीस. ते बोलणं ऐकत मी मोठी झाले. मी ताटावरून उठले की तू मला काही म्हणायची नाहीस. टाक हातात घ्यायचीस.

"बघ गं रखमे, तुझी लेक. निम्मी भाकर टाकून उठली. मी बोलले तर गाव म्हनंल, सावत्र हाय, छळती. तवा तूच सांग तिला काय ते."

मग तू कान देऊन ऐकल्यासारखं करायचीस. मी दारात उभी राहून वाट बघायची.

"हां. म्हनती, बस खाली, गुमान खा."

मी बसायची. खायची. माझी मेलेली आई जेवण्याच्या बाबतीत फार कडक होती. वेणी घालून घेण्याच्या बाबतीतही होती, आणि एरंडेल पिण्याच्या बाबतीत तर विचारूच नये. कधीकधी तू तिच्याशी भांडायचीससुद्धा. "तू सुटलीस, मला अडकीवलंस," असं एकदा तू शेण थापताना तिला म्हणाल्याचं मी ऐकलंय. आणि लगेच हात धुऊन येऊन तिला कुंकू लावलंस, अवेळी.

माझ्या शाळेचंही तिनंच ठरवलं. दादांचं म्हणणं, पोरीच्या जातीला चार इयत्ता पुष्कळ झाल्या. मी रडून गोंधळ घातला. तू दोघांच्या मध्ये पडली नाहीस. दुसऱ्या दिवशी दादा जेवत असताना पाटाशेजारी उभी राहून, टाकावर अंगठा ठेवून तू सांगितलंस, "रखमा म्हनती, माझ्या पोरीला फायनलपत्तुर शिकवा. मला वचन हवंय म्हनती." दादांचा घास हातातच राहिला. जिवंत बायकोला त्यांनी दोन शब्द ऐकवले असते, मेलेलीपुढं त्यांचं काही चालेना. मी सातवीची फायनल झाले, मास्तरीण झाले, आज हे लिहिते आहे, ते त्या एका घासामुळं. तेव्हा ते बोलणं तुझं होतं, हे मला पुढं अक्कल आल्यावर कळलं. पण टाकावरच्या चेहऱ्याबद्दल मला कधीच शंका आली नाही. आवाज तुझा असेल, चेहरा तिचा होता. त्या बाबतीत मी पक्की होते.

तूच तर सांगितलं होतंस. मला मांडीवर घेऊन, टाक माझ्या नाकासमोर धरून. "ही बघ तुझी आई. कसं सरळ नाक हाय, तुझ्यावानी." माझं नाक बसकं आहे, दादांचं आहे. तरी मी फुटक्या आरशात तासन्‌तास ते बघायची आणि मला ते सरळ दिसायचं. लग्न होऊन काष्टीला गेले, तिथं मास्तरणीची नोकरी लागली, मुलं झाली, तरी माहेरी आले की आधी तुझ्या गळ्यातला टाक बघायची. तुला वाटायचं, पोरगी गळ्यात पडायला आली. मी टाक बाहेर ओढायची. तू म्हणायचीस, "अगं, दम तर खाऊ दे तिला."

आणि तो चेहरा झिजत चालला होता. वर्षानुवर्षं तुझा घाम, तुझा अंगठा, पाणी, कुंकू. आधी नथ गेली. मग डोळे गेले. मग ते सरळ नाक हळूहळू खाली बसलं. दसऱ्याच्या आधी घरोघरी देव उजळायला काढतात, तेव्हा दरवर्षी तुझं एक वाक्य ठरलेलं.

"यमे, औंदा हिला नामूअन्ना सोनाराकडं टाकू या. उजळून आनू."

आणि माझंही ठरलेलं.

"हात लावायचा नाही. तो ठोकणार, आणि आईचा चेहरा जाणार. त्यानं कुठं पाहिलं होतं तिला?"

तू तोंड उघडायचीस. काहीतरी म्हणायला जायचीस. मग मिटायचीस. "बरं, ऱ्हाऊ दे." आणि चुलीकडं वळायचीस.

एका वर्षी तू जरा जास्तच धरून बसलीस. म्हणालीस, आता हिला तोंडच राहिलं नाही, बायका हसतात, नवीनं सवतीचं तोंड पुसून खाल्लं म्हणतात. मी म्हणाले, खरंच आहे, चिंच लावून लावून तूच घासलंस ते. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. पण त्या दिवसापासून टाकाला चिंच लावणं सोडलंस. मग टाक काळा पडला. पुढच्या खेपेला मी विचारलं, एवढा काळा का पडू दिलास? तू कपाळावर हात मारून घेतलास आणि टाकाला म्हणालीस, "रखमे, घेऊन जा गं बाई हिला तुझ्याकडं." आपण दोघी हसलो होतो तेव्हा. माझ्याशी वागणं सोपं नव्हतं, मला ठाऊक आहे. तुझ्याशीही नव्हतं. तू एकदा गप्प बसायचं ठरवलंस की विहिरीत दगड टाकला तरी आवाज यायचा नाही.

तो वाद तसाच राहिला. मग ह्या उन्हाळ्यात तू तापानं पडलीस, आणि उठली नाहीस.

तुझा तेरावा झाला आणि भानूनं विषय काढला. तूही सवाष्णच गेलीस. तुझाही टाक करून देव्हाऱ्यात बसवायला हवा, त्याशिवाय घरात पुढचं मंगलकार्य करता येत नाही. तुझ्यानंतर तुझी सवत बांधायला आता कुणाचा गळा नाही, तेव्हा दोघींचीही जागा देव्हाऱ्यात.

"ताई, दोनी टाक एकदमच करू," भानू म्हणाला. "थोरल्या आईचा जुना आटवू, त्यातच थोडी चांदी घालू. दोघी सारख्या हुतील. देखन्या दिसतील."

"आईच्या टाकाला हात लावायचा नाही."

"अगं, तोंड कुठं ऱ्हायलंय त्याला? झिजला देव पुजत नसत्यात."

तू नव्हतीस, तरी वाद तोच, शब्दही तेच. मी दादांकडं गेले. दादा ओसरीवर बसून असतात, दिसतं कमी, ऐकू येतं त्यांना हवं तेवढंच. मी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "दादा, माझी आई दिसायला कशी होती?" एवढ्या वर्षांत मी हे त्यांना पहिल्यांदा विचारलं. आपल्या घरात बापाला असं काही विचारत नाहीत.

दादांनी अंगणाकडं तोंड फिरवलं. मग म्हणाले, "टाकावर हाय की."

"टाकावरचं झिजलं, दादा."

"मंग नवीला इचार. तिला समदं ठाव हाय."

मी बरं म्हणाले आणि आत आले. आत येऊन उगाच तांदूळ निवडत बसले. निवडून झालेले होते ते.

शेवटी भानू म्हणाला, चल तर खरं, सोनार काय म्हणतो बघू. आम्ही पारनेरला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत होती, गाडी धुरळ्यातून चालली होती, आणि भानू मला दोघींच्या टाकांना मागं कसलं नक्षीचं कडं घालायचं ते सांगत होता. त्याला तुझं काहीतरी चांगलं करायचं होतं, नवीआई. त्याच्या हातात करायला तेवढंच उरलं होतं. मी पदराची गाठ मुठीत धरून बसले होते. मी ठरवलं होतं, सोनार काहीही म्हणो, जुना टाक आहे तसा परत आणायचा.

नामूअण्णा आपल्या पेढीवर बसले होते. म्हातारे, बडबडे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर ताटलीत लाल कागदावर ताजे ठोकलेले टाक मांडून ठेवलेले. मी बसता बसता ताटलीकडं बघितलं, आणि तिथं माझी आई होती.

सरळ नाक. नथ. कपाळभर मळवट, डोक्यावरून पदर. लहानपणी तुझ्या मांडीवर बसून बघितली होती तशीच्या तशी. मी ती उचलली. मला वाटलं, भानूनं आधीच येऊन करून घेतलाय की काय. मी त्याच्याकडं बघितलं, तो माझ्याकडं बघत होता.

"ताई, त्यो दुसऱ्या गावचा हाय," नामूअण्णा म्हणाले. "त्यांची मंडळी औंदा वारली."

मग मला दिसलं की शेजारी आणखी एक आहे. आणि तिच्या पलीकडं आणखी एक. सगळ्या सरळ नाकाच्या.

"या सगळ्या सारख्याच कशा?" मी विचारलं.

"सवाष्नीचा ठसा एकच हाय न्हवं, माझ्या बापाचा." त्यांनी हातानं चाचपून मागून एक पितळी ठोकळा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. त्यात ती होती, खोल कोरलेली. "ह्याच्यावर पत्रा ठेवायचा, वर शिसं धरायचं, ठोके द्यायचे. तुमच्या आईचा बी बापानं ह्याच्यावरच ठोकला असंल. बाईचं तोंड कोन बघत बसतंय? सवाष्न म्हनलं की नथ, मळवट, पदर. झालं."

भानूनं माझ्या मुठीतून गाठ सोडवून घेतली आणि टाक त्यांच्या हातात दिला. नामूअण्णांनी तो ठशावर ठेवला, जरा फिरवला. तो नीट बसला.

"हे बघा. दोन ठोके दिले की परत हाय तसं नाक-डोळं वर येत्यात. मी तुमच्या नवीआईला ह्येच सांगितलं हुतं."

"तिला? कधी?"

"लई वर्सं झाली. बाजारच्या दिवशी आल्ती. मी ठसा दावला, म्हनलं, काय बी जात न्हाई, तोच चेहरा परत येतोय. बराच वखत बसली हितं, ठसा मांडीवर घेऊन. मंग म्हनली, अन्ना, ऱ्हाऊ दे. माझ्या पोरीला ह्ये तिच्या आईचं तोंड वाटतंय. ठशाचं नाव तिच्यापुढं काढू नगा."

आणि ते त्यांनी आज काढलं होतं, सहज, काडीला दोरा गुंडाळता गुंडाळता. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मला त्या क्षणी काहीतरी व्हायला हवं होतं. काही झालं नाही. मी प्यायला पाणी मागितलं. पाणी मचूळ होतं, यंदा सगळीकडंच तसं आहे. भानू खाली मान घालून चटईची काडी मोडत होता. मी ठशाकडं बघत राहिले आणि मनात एवढंच आलं, की माझी आई कशी दिसायची हे आता जगात कुणालाही माहीत नाही. मलाही नाही. मला कधीच नव्हतं.

राग नंतर आला, आणि तो तुझा आला. नवीआई, तू मला सांगायला हवं होतंस. मी लहान होते तोवर ठीक. पण मी स्वतः चार मुलांची आई झाले, शेकड्यांनी पोरं शिकवली, तरी तू दरवर्षी ते एक वाक्य गिळत राहिलीस. एकदा बोलली असतीस तर वाद तिथंच संपला असता आणि तू जिंकली असतीस. तुला काही हरायची आवड नव्हती. नातवंडांशी चिंचोके खेळताना तू पदराखाली चिंचोके लपवायचीस, मी बघितलंय. मग ह्याच एका बाबतीत का हरत राहिलीस? बायका तुला हसत होत्या, सवतीचं तोंड पुसलं म्हणत होत्या. तू दोन ठोक्यांत त्यांची तोंडं बंद करू शकली असतीस. मला घरी येऊन सांगितलं असतंस तर मी थयथयाट केला असता, दोन दिवस जेवले नसते, आणि मग जेवले असते. तुला माझी एवढी काय भीती होती?

असं भांडायला लागलं की नेहमीसारखी तू गप्प. पण या वेळी मला उत्तर ठाऊक आहे. तुला माझी भीती नव्हती. तुला माझ्याकडून आईला दुसऱ्यांदा काढून घ्यायचं नव्हतं. मी तुझी ऋणी आहे, आणि हे मला असह्य होतंय, कारण हे तुझ्या तोंडावर म्हणायला आता तोंड समोर नाही.

नामूअण्णा म्हणाले, "मंग कसं करू? ह्यो जुना ठोकून देतो, आनि धाकटीचा एक नवा काढतो?"

"दोघींचं तोंड एकच येणार?"

"एकच यायचं. जो आधी बसवाल तो थोरलीचा."

मी जुना टाक ठशावरून उचलला. त्याच्या मधोमध खळगा पडला आहे, कपाळ होतं तिथं. मी माझा अंगठा त्यात ठेवला. मला सुचलं ते असं की, या चांदीला माझ्या आईचा कधी स्पर्शसुद्धा झालेला नाही. ती गेल्यावर हा ठोकला. हिच्यावर चेहराही तिचा नव्हता. जे काही आहे ते सगळं तुझं आहे. तुझा घाम, तुझा अंगठा, इतक्या वर्षांच्या सकाळी.

"माझ्या आईचा नवा काढा," मी म्हणाले. "हा तसाच राहू द्या. हा नवीआईचा."

नामूअण्णांनी चष्मा वर केला. "ताई, झिजलेला टाक बसवत न्हाईत. माझ्या हातानं मी दिला तर मला लोक नावं ठेवतील."

पण खरा अडलेला होता भानू. त्याचा चेहरा एकदम तुझ्यासारखा झाला, तू दुखावलीस की व्हायचा तसा. "ताई, लोक म्हनतील, लेकानं सख्ख्या आईला जुनंपानं घातलं." मग आवाज खाली आला. "माझ्या आईला तोंड नको व्हय?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. एवढ्या वर्षांत मी माझ्या आईच्या तोंडासाठी भांडले, आज तो त्याच्या आईच्या तोंडासाठी भांडत होता, आणि दोन्ही वेळा तोंड त्याच ठोकळ्यातलं. मी ताटलीतली एक सवाष्ण उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"ही नवीआई दिसते का तुला?"

त्यानं बघितलं. तुझ्या गालावर देवीचे वण होते. नाक शेंड्याला थोडं फेंदारलेलं. एक भुवई दुसरीपेक्षा वर. "न्हाई," तो म्हणाला.

मी ती काढून घेतली आणि तुझा टाक दिला. त्यानंही न सांगता अंगठा मधल्या खळग्यात घातला. बराच वेळ घासत राहिला. मग उठला, टाक बंडीच्या खिशात टाकला आणि वरून बटण लावलं. "अन्ना, एकच नवा काढा," म्हणाला. परतीच्या गाडीत तो माझ्याशी बोलला नाही, पण उतरताना माझी पिशवी त्यानंच घेतली.

काल दोन्ही टाक बसवले. भानूच्या बायकोनं देव्हारा पुसून घेतला, पाणी मोजूनमापून वापरत. दादांना धरून आणून पाटावर बसवलं. ताम्हणात दोघी शेजारी शेजारी. एक लखलखीत, सरळ नाकाची, मला जिच्याबद्दल काही ठाऊक नाही अशी माझी आई. आणि एक काळपट, तोंड नसलेली, जिचा वण न्‌ वण मला पाठ आहे. भटजींनी सांगितलं, लेकीनं कुंकू लावावं, आधी थोरलीला, मग धाकटीला. मी करंड्यात बोट बुडवलं आणि माझा हात तुझ्याकडं गेला.

"ताई, आदी थोरलीला," भानू म्हणाला.

"हो," मी म्हणाले, आणि तुलाच लावलं. चुकून नाही. तू जन्मभर तिच्यानंतर जेवलीस, तिच्यानंतर नेसलीस, कुंकूसुद्धा तिच्यानंतर लावलंस, आणि तिच्या लेकीला तिच्याच नावानं वाढवलंस. एकदा तरी तू आधी असावीस असं मला वाटलं. भटजी थांबले, भानू थांबला. तू असतीस तर माझं मनगट धरून हात तिकडं वळवला असतास आणि वर टाकाला म्हणाली असतीस, बघ गं रखमे, तुझ्या लेकीला काही रीत म्हणून नाही. मी बोट तिथंच टेकवून वाट बघितली. मनगट कुणी धरलं नाही. नवीआई, तू गेलीस हे मला तेव्हा कळलं.